गीझरला घाबरलं कोण?

यलोस्टोनला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी घरात एक फोटो हमखास असतो. मागे ओल्ड फेथफुलचा पांढराशुभ्र फवारा, पुढे जॅकेटं-टोप्या घातलेली मंडळी, आणि त्यातल्या निम्म्यांची पाठ कॅमेऱ्याकडे. कारण ऐन फोटोच्या वेळी सगळे फवारा बघायला वळलेले! आमच्याकडेही तो आहे. त्यावर घरच्या वडीलधाऱ्यांचा ठरलेला विनोदही आहे, की एवढं गीझर बघायला अमेरिकेत कशाला जायचं, ते तर आमच्या न्हाणीघरात लावलंय. (शब्द मूळचा आइसलंडचा. तिथल्या एका उसळत्या झऱ्याचं नाव 'गेसिर', त्यावरून जगभरच्या सगळ्यांना तेच नाव पडलं आणि इंग्रजांमार्फत आपल्या बाथरूमपर्यंत पोचलं.)

ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो. म्हणजे तिथे येणारा माणूस मुख्यतः वाट बघत बसतो. बाकांवर बसल्या बसल्या कोणी ना कोणी एक गोष्ट सांगत असतंच. पूर्वी इथे इंडियन लोक यायचे नाहीत, त्यांना या फवाऱ्यांची फार भीती वाटायची, इथे भुतं राहतात असं त्यांना वाटायचं, आणि म्हणूनच हा सगळा प्रदेश गोरे लोक येईपर्यंत अस्पर्श राहिला. गोष्ट छान आहे. शंभर-दीडशे वर्षं ती पुस्तकांत आहे, गाईडांच्या तोंडी आहे. आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे एवढ्यावरच भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण या एका गोष्टीवर विसंबून काही माणसं थेट गोळीच्या टप्प्यात जाऊन बसली, आणि पुढे त्याच गोष्टीच्या आधाराने बऱ्याच माणसांना त्यांच्या जागेवरून कायमचं दूर ठेवता आलं. म्हणून हा प्रपंच.

आधी भूगोल थोडक्यात. यलोस्टोन म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचा बसलेला खड्डा. शेवटचा महास्फोट सहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी झाला. खाली तापलेला खडक अजून आहे, वरून भरपूर बर्फ पडतं, त्याचं पाणी खोल झिरपतं, तापतं आणि वर येतं. वाट मोकळी असेल तर गरम पाण्याचं कुंड होतं. वाट अरुंद असेल, वरच्या पाण्याचा दाब खालच्या पाण्याला उकळू देत नसेल, तर ते कोंडलेलं पाणी एका क्षणी एकदम वाफ होऊन वरचं सगळं उधळून देतं. तो गीझर. उद्यानात अशा गरम जागा दहा हजारांहून जास्त आहेत आणि जगातल्या चालू गीझरांपैकी निम्म्याहून अधिक इथेच आहेत. उंचीमुळे इथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं. चहा नीट होत नाही अशी तक्रार आमच्या गाडीत ऐकू आली होती, पण ते असो.

आता मला सांगा, गरम पाण्याला माणूस घाबरतो का? आपल्या कोकणात राजापूरजवळ गावाचं नावच 'उन्हाळे'. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वरजवळ तुरळ-राजवाडी, इकडे ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरी. जिथे जिथे जमिनीतून कढत पाणी आलं तिथे आपल्या लोकांनी कुंड बांधलं, शेजारी देऊळ बांधलं, आणि संधिवाताचे रुग्ण तिथे जाऊन बसू लागले. हिमाचलात मणिकरणला तर त्या पाण्यात भात शिजवतात. आदर असतो, देवत्व असतं, जपून वागणं असतं. पण पळून जाणं? हजारो वर्षं शेजारी राहणारा माणूस आपल्या शेजारच्या झऱ्याला भिऊन पळत नाही.

आणि यलोस्टोनमध्ये माणूस खरोखरच हजारो वर्षं होता. अकरा हजार वर्षांहून जुन्या वावराच्या खुणा तिथे आहेत. उद्यानाच्या उत्तर भागात ऑब्सिडियन क्लिफ नावाचा काळ्या काचेसारख्या दगडाचा कडा आहे. त्या दगडाची पाती सुरीपेक्षा धारदार निघतात. तिथला दगड पार ओहायोमधल्या प्राचीन टेकाडांत सापडला आहे, म्हणजे दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर! ज्या जागेला लोक भीत होते तिथून इतक्या लांबवर माल जात होता, हे काही पटण्यासारखं नाही. शोशोनी, क्रो, बॅनॉक, ब्लॅकफीट, नेझ पर्स अशा कितीतरी जमातींच्या वाटा यातून जात. आज सत्तावीस जमातींचा या भूमीशी जुना संबंध उद्यानाकडून अधिकृतपणे मानला जातो.

यातले टुकुडिका, म्हणजे शोशोनींपैकी डोंगरी मेंढ्यांवर जगणारे लोक, तर तिथेच राहत. रानमेंढ्याच्या शिंगापासून ते धनुष्यं बनवत. ती इतकी जोरकस असत की आसपासच्या जमाती त्यांच्यासाठी भारी किंमत मोजत. शिंग मऊ करायला ते गरम झऱ्यांचा उपयोग करत असं सांगतात. एकूण काय, लोक पळून गेले नव्हते. तिथेच होते, कामात होते.

मग गोष्ट आली कुठून?

गोऱ्या माणसांनी हा प्रदेश तुकड्यातुकड्याने पाहिला. १८०७-०८ च्या हिवाळ्यात जॉन कोल्टर एकटा या बाजूला फिरला, मग फासेपारधी शिकारी आले, मग जिम ब्रिजरसारखे गप्पिष्ट वाटाडे. ब्रिजर इतक्या थापा मारायचा की त्याने खरं सांगितलेलंही लोकांना खोटं वाटे. १८७० साली हेन्री वॉशबर्न यांची रीतसर मोहीम निघाली. त्याच मोहिमेने ओल्ड फेथफुलला ते नाव दिलं. पुढच्या वर्षी फर्डिनंड हेडन सरकारी सर्वेक्षण घेऊन गेले. त्यांच्याबरोबर टॉमस मोरान हा चित्रकार होता आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार. वॉशिंग्टनमधल्या मंडळींनी ती चित्रं आणि फोटो पाहिले, नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या माणसांनीही पडद्यामागून जोर लावला (प्रवासी येणार तर रेल्वेनेच ना!), आणि १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.

या जन्माचीही एक गोड कथा आहे. १८७० च्या मोहिमेतले लोक मॅडिसन जंक्शनला शेकोटीभोवती बसले होते, ही जमीन आपापसात वाटून पैसा करावा असं बोलणं चाललं होतं, आणि एकाने म्हटलं, नको, ही सगळ्या राष्ट्राची असू द्या. मोहिमेतल्या नथॅनिएल लँगफर्ड यांनी हे छापलं १९०५ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. त्या वेळच्या नोंदींत याला आधार मिळत नाही असं इतिहासकारांनी पुढे दाखवलं.

त्याच मोहिमेत लष्करी तुकडीचा प्रमुख होता लेफ्टनंट गुस्टाव्हस डोन. मोहिमेवरचा त्याचा अहवाल फार गाजला. ही मोहीम निघण्याच्या काही महिनेच आधी, २३ जानेवारी १८७० रोजी, मॉन्टानात मरायस नदीच्या काठी घोडदळाने ब्लॅकफीटांपैकी पिकुनी लोकांच्या एका तळावर पहाटे हल्ला केला होता. तळावर देवीची साथ होती. किमान १७३ माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. डोन त्या हल्ल्यात होता. नुसता होता असं नाही. १८८९ मध्ये यलोस्टोनच्या अधीक्षकपदासाठी अर्ज करताना त्याने ही आपली कामगिरी म्हणून लिहिली. झऱ्यांचं रसाळ वर्णन करणारा हात आणि हा हात एकच. मला ही नोंद पहिल्यांदा वाचल्यावर बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

आता १८७७. इथे जरा थांबू.

नेझ पर्स (त्यांचं स्वतःचं नाव निमीपू) हे ओरेगन-आयडाहोकडचे लोक. घोडे पैदा करण्यात वाकबगार. १८५५ च्या तहात त्यांच्याकडे मोठा मुलूख राहिला होता. मग तिथे सोनं सापडलं, आणि १८६३ च्या नव्या तहात त्यातला नऊ दशांश काढून घेतला गेला. या तहावर अनेक मुख्यांनी सह्या केल्याच नव्हत्या. १८७७ च्या मे महिन्यात जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांनी त्यांना तीस दिवसांची मुदत दिली: गुरं-घोडी घेऊन राखीव प्रदेशात या. नद्या पुराने फुगलेल्या. जाता जाता काही तरुणांनी सूड म्हणून वसाहतवाल्यांना मारलं, आणि लढाई पेटली. जवळजवळ आठशे माणसं, त्यात बायका, तान्ही मुलं, म्हातारी, आणि दोन हजारांवर घोडे असा हा सगळा संसार डोंगर ओलांडत पूर्वेकडे निघाला. ९ ऑगस्टला बिग होल इथे सैन्याने पहाटे झोपेतल्या तंबूंवर गोळ्या झाडल्या. तिथे त्यांची किती माणसं गेली यावर एकमत नाही, पण साठ ते नव्वद असा आकडा सांगतात. त्यातही बायका-मुलं खूप. तिथून निघून २३ ऑगस्टला ते यलोस्टोन उद्यानात शिरले.

याच आठवड्यात उद्यानात पर्यटक होते! उद्यान पाच वर्षांचं, धड रस्ते नाहीत, धड हॉटेलं नाहीत, पण सहली सुरू. मॉन्टानातल्या रॅडर्सबर्ग गावचे जॉर्ज कोवन, त्यांची पत्नी एमा, एमाचा भाऊ फ्रँक, तेरा वर्षांची बहीण आयडा आणि काही मित्र लोअर गीझर बेसिनमध्ये मुक्कामाला होते. नेझ पर्स लढाईची बातमी त्यांच्या कानावर आली होती. जनरल शर्मन (यादवी युद्धातले प्रसिद्ध शर्मन, तेव्हा ते सरसेनापती होते) नुकतेच मोजक्या शिपायांसह उद्यान बघून गेले होते. एमाने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात आहे की शर्मन यांच्या बरोबरच्या वाटाड्याने यांना धीर दिला: तुम्ही गीझरांच्या खोऱ्यातच राहा, इंडियन कधीच उद्यानात येणार नाहीत.

म्हणजे तीच गोष्ट. सर्वांत मोठ्या सेनापतीच्या गोटातून, अगदी अधिकाराने सांगितलेली. आणि लोकांनी ती मानली.

२४ ऑगस्टला सकाळी, परतीला निघायच्या दिवशी, शेकोटीपाशी नेझ पर्स तरुण येऊन उभे राहिले. तो जॉर्ज-एमाच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस होता. आलेल्यांनी पीठ, साखर मागितली. बरोबरच्या एकाने द्यायला सुरुवात केली, तर जॉर्जने त्याला करारीपणाने थांबवलं. (धाडस म्हणा, ताठा म्हणा. उपाशी आणि दुखावलेल्या माणसांसमोर मला तरी हे शहाणपण वाटत नाही.) मग सगळ्यांना जमातीबरोबर चालवलं गेलं. बग्गी वाटेत सोडावी लागली. पुढे मुख्यांमध्ये बोलणी झाली, पोकर जो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुख्याने यांचे चांगले घोडे घेऊन थकलेले घोडे दिले आणि जा म्हणून सोडून दिलं. पण मागून आलेल्या काही तरुणांनी पुन्हा गाठलं. बिग होलला घरची माणसं गमावलेली पोरं ती. मुख्यांचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. जॉर्जच्या मांडीत गोळी लागली. एमा त्याच्यावर आडवी पडली. तिला बाजूला ओढून त्याच्या कपाळावर पिस्तूल झाडलं गेलं.

एमा, फ्रँक आणि आयडा यांना कैद करून पुढे नेलं. इजा केली नाही, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. एमा घरी पोचली ती आपण विधवा झालो असं समजून.

जॉर्ज कोवन मेला नव्हता. गोळी कवटीला लागून चपटी झाली होती. शुद्धीवर येऊन झाडाला धरून उठतो तोच आणखी एक गोळी लागली. नंतरचे दिवस हा माणूस सरपटत आपल्या जुन्या तळाकडे गेला, तिथे त्याला त्याचा कुत्रा भेटला, थोडी कॉफी मिळाली. अखेर हॉवर्डच्या सैन्याचे पुढचे टेहळे आले आणि तो सुटला. सैन्याच्या डॉक्टरने कपाळातली गोळी काढली. एमाला काही दिवसांनी बातमी कळली. ती त्याला आणायला गेली, तर परतताना गाडी उलटली, आणि बोझमनच्या हॉटेलात जखमा बांधायला मित्र पलंगावर बसला तर पलंगच मोडला. एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर आपण 'फार झालं हो' म्हटलं असतं. सगळेच मात्र वाचले नाहीत. उद्यानात असलेल्या दुसऱ्या एका पर्यटक टोळीतले दोघे त्या दिवसांत मारले गेले.

एमाने १९०३ साली आठवणी लिहिल्या त्यात द्वेष नाही, हे मला विशेष वाटतं. या लोकांवर काय गुदरलं होतं याची जाणीव तिच्या लिहिण्यात आहे.

आणि नेझ पर्सांचं काय? ते उद्यान ओलांडून पूर्वेला उतरले. त्यांना सगळीच वाट पाठ होती असं नाही, एका खाणशोध्याला त्यांनी वाटाड्या म्हणून धरून नेलं होतं. पण फवाऱ्यांना भिऊन ते कुठे अडले नाहीत. त्यांच्यातल्यांनी पुढे सांगितलंही, की उसळतं गरम पाणी आमच्यासाठी काही नवं नव्हतं. ५ ऑक्टोबरला बेअर पॉ डोंगराशी, कॅनडाची हद्द जेमतेम पासष्ट किलोमीटर राहिली असताना, चीफ जोसेफ शरण आले. सुमारे अठराशे किलोमीटर चालून. घरी परत पाठवू असं आश्वासन मिळालं होतं. पाठवलं कॅन्ससला, मग ओक्लाहोमाकडच्या इंडियन टेरिटरीत. कितीतरी माणसं तिथल्या तापाने गेली. उरलेल्यांना १८८५ मध्ये वायव्येला परत येता आलं. जोसेफना मात्र त्यांच्या वॅलोवा खोऱ्यात राहायला कधीच मिळालं नाही.

आता यानंतर तरी ती गोष्ट बंद पडायला हवी होती. आठशे माणसं दोन हजार घोडे घेऊन गीझरांच्या मधून गेली, सगळ्या वर्तमानपत्रांत आलं! झालं उलटंच. १८७७ मध्येच नेमले गेलेले अधीक्षक फिलेटस नॉरिस यांना काळजी वेगळी होती: पर्यटक आता येणार कसे? त्यांनी अहवालांतून लिहायला सुरुवात केली की इंडियन लोक या फवाऱ्यांना अंधश्रद्धेने भितात, सबब उद्यान सुरक्षित आहे. आणि याच नॉरिस यांनी १८७९ मध्ये मॅमथला टेकडीवर आपलं मुख्यालय बांधलं ते गढीसारखं, इंडियन हल्ला आला तर लढता यावं म्हणून! जे लोक भीतीने येतच नाहीत त्यांच्यासाठी गढी कशाला, हे त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही. आसपासच्या जमातींनी उद्यानात येऊ नये यासाठीही ते खटपट करत राहिले. टुकुडिकांना त्याच दशकात विंड रिव्हर आणि इतर राखीव प्रदेशांत हलवलं गेलं. १८८६ मध्ये उद्यान सैन्याच्या ताब्यात गेलं ते १९१८ पर्यंत.

एकदा लोक हटवल्यावर 'इथे कधी कोणी नव्हतंच' हे वाक्य सोयीचं झालं. कोणाला काढलं नाही, ते आपणहूनच भिऊन आले नव्हते. कोणाचं काही घेतलं नाही, रिकामंच होतं.

'इथे कोणी राहूच शकत नाही' या समजाची आणखी एक वेगळी कथा त्याच लोअर गीझर बेसिनमधली आहे. १९६० च्या दशकात टॉमस ब्रॉक नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तिथे यायचे. इतक्या कढत पाण्यात काही जगत नाही असं तेव्हा पुस्तकं सांगत. ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६६ मध्ये मशरूम पूल नावाच्या कुंडातून एक जिवाणू मिळाला, १९६९ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं थर्मस ॲक्वाटिकस. त्याचं एक विकर उष्णतेने खराब होत नाही. त्याच्या जोरावर पीसीआर हे तंत्र पुढे सोपं झालं, ज्यासाठी कॅरी मुलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली ती आठवत असेल. त्या तपासणीच्या मुळाशी हे कुंड आहे. ग्रँड प्रिझमॅटिकचे ते नारिंगी-पिवळे काठसुद्धा अशा जिवांचेच थर आहेत.

भिण्यासारखं तिथे आहे ते वेगळंच. पांढरी दिसणारी जमीन कित्येक ठिकाणी पापडाएवढी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. लाकडी पुलाखाली उतरून आजवर वीसहून अधिक माणसं भाजून दगावली आहेत. जुलै २०२४ मध्ये बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालची वाफ फुटली आणि पुलाच्या फळ्या उडाल्या. माणसं पळाली, कोणाला इजा झाली नाही हे नशीब. तेव्हा मुलांचे हात धरा.

काही गोष्टी हळूहळू सरळ होत आहेत. जून २०२२ मध्ये डोनच्या नावाचं शिखर बदलून त्याला 'फर्स्ट पीपल्स माउंटन' नाव दिलं गेलं. उद्यानाला दीडशे वर्षं झाली त्याच वर्षी ओल्ड फेथफुलजवळ एक केंद्र सुरू झालं, तिथे वेगवेगळ्या जमातींचे कलाकार आणि अभ्यासक आपलं काम घेऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. त्यांच्याकडून ऐकलेलं गाईडच्या पुस्तकात नसतं.

आणि कोणी जाणार असाल तर: मॅडिसन जंक्शनहून ओल्ड फेथफुलकडे जाताना साधारण अर्ध्या वाटेवर एक ओढा फायरहोल नदीला मिळतो. त्याचं नाव नेझ पर्स क्रीक. नेझ पर्स याच ओढ्याच्या काठाने वर गेले, आणि कोवन मंडळींना त्यांनी इथूनच बरोबर नेलं. बहुतेक गाड्या ग्रँड प्रिझमॅटिकची जागा मिळावी म्हणून तिथून सुसाट जातात. गाडी लावायला जागा आहे, बसायला बाकं आहेत, गर्दी नसते. आम्ही तिथेच डबा खाल्ला.